डावीकडची बाई

रविवारी सकाळी सव्वादहाच्या सुमारास डावीकडची बाई गाता गाता मागे सरकली. म्हणजे आमच्या रेकॉर्डमधली. रेकॉर्ड जुनी, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी घेतलेली. तीत दोघंच गातात, एक बाई आणि एक पुरुष, आणि ज्यानं कुणी ती भरली त्यानं बाईला डावीकडे आणि पुरुषाला उजवीकडे उभं केलंय. डाव्या स्पीकरमधून ती, उजव्यातून तो. पस्तीस वर्षं ती दोघं आमच्या बैठकीच्या खोलीत खिडकीच्या दोन बाजूंना आपापल्या जागी उभी राहून गात आलेली. त्या दिवशी ती गात होती, पण बोलता बोलता उठून आतल्या खोलीत काहीतरी आणायला जावं आणि तिथूनच बोलत राहावं, तशी. तो मात्र जागच्या जागी खणखणीत. मी उठून डाव्या स्पीकरपाशी गेलो, वाकून कान लावला, तर बाई तिथंच होती, नीट गात होती. कान लावला तो उजवा, हे तेव्हा लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि मी ते बाजूला सारलं. परत खुर्चीत येऊन बसलो, तर बाई पुन्हा आतल्या खोलीत. ‘वायर गेली,’ मी मोठ्यानं म्हणालो. बायको खिडकीशी बसून कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवत होती. तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, “असेल.”

मी वायरचा माणूस. एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात केबल जोडण्याचं काम केलं. रस्त्याखालच्या खड्ड्यात लाकडी पाट टाकून बसायचं, समोर मनगटाएवढी जाड केबल सोललेली, तिच्यात बाराशे जोड्या, आणि एकेका तारेचा जोडीदार शोधून त्यांची गाठ घालून द्यायची. बायको म्हणायची, तुम्ही म्हणजे लग्नं जमवणारेच की. उजव्या हातात पक्कड, म्हणून तपासणीचा फोन डाव्या खांद्यानं डाव्या कानावर दाबून धरायचा. त्यात मधेच एक्स्चेंजमधून कुणी घंटा सोडली की ती थेट डोक्यात शिरायची, आणि संध्याकाळपर्यंत कानात रातकिडे. आम्ही हसायचो. निवृत्त झाल्यावरही माझी मान डावीकडे कललेलीच राहिली, आणि मुलगी घरी आली की विचारायची, बाबा, कुणाचं चोरून ऐकताय? तर या कामात आमच्या उस्तादानं पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट एकच. उस्ताद म्हणजे आमच्या टोळीचा मुख्य. त्याला खरं नाव असावं, पण ते पगाराच्या दिवशीच ऐकू यायचं. तो म्हणायचा, बिघाड आला की आधी काही विकत आणायचं नाही आणि काही तोडायचं नाही. इकडची तार तिकडे लाव, तिकडची इकडे, आणि बघ रडणं कुणाबरोबर जातंय. तारेबरोबर गेलं तर तार दोषी. जागच्या जागी राहिलं तर तार बिचारी उगीच बदनाम.

म्हणजे काय करायचं ते मला स्वच्छ माहीत होतं. दोन स्पीकरच्या दोन वायरी, त्यांची अदलाबदल, पाच मिनिटांचं काम. त्याहूनही सोपी तपासणी होती, तिला पाच सेकंद पुरले असते. खुर्ची फिरवायची आणि स्पीकरकडे पाठ करून बसायचं. मग डावा स्पीकर उजव्या कानाकडे येतो. बाई तरीही आतल्या खोलीतूनच गायली तर दोष तिच्या बाजूचा, वायरीचा, यंत्राचा. आणि बाई खणखणीत झाली, पुरुष आत गेला, तर दोष माझा. खुर्ची हलकी आहे, तिच्या पायांना बायकोनं खालून लोकरीचे तुकडे चिकटवलेत, बोटानं फिरते. मी ती फिरवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ शर्ट घातला आणि नवीन वायर बघायला बाहेर पडलो. याला वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात, हे मला ठाऊक होतं, आणि तरी जिना उतरताना मी अगदी खुशीत होतो.

दुकान जुन्या बाजाराच्या मागच्या गल्लीत, अरुंद आणि खोल. गल्ल्यावर एक बाई बसते, माझ्याच वयाची, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. तिच्या मागे भिंतभर वायरींची रिळं. मी म्हटलं, स्टिरिओसाठी वायर हवी, चांगली. तिनं विचारलं, किती लांब? म्हटलं, दोन बाजूंना चार-चार मीटर. तिनं मधल्या रिळावरची एक वायर ओढून माझ्यापुढे टाकली. साधी, जाड, तांब्याची, आतल्या दोन तारांपैकी एकीवर लाल रेघ. “ही घ्या. चार मीटरला ही पुष्कळ झाली. दोन्ही बाजूंना सारखी लांबी ठेवा, टोकं स्वच्छ करा, स्क्रू घट्ट आवळा. बाकी सगळं मनाचं समाधान.” एखाद्या शहाण्या डॉक्टरनं खोकल्याला गरम पाणी सांगावं, तशी ती म्हणाली. आणि खरं होतं. मी स्वतः कुणालाही हेच सांगितलं असतं. चार मीटरमध्ये तांब्याला कितीसं काही करता येणार? मी दोन-दोन कोसांवरून माणसांची भांडणं ऐकलेली आहेत केसासारख्या तारेतून, आणि शब्द न् शब्द कळलेला आहे. पण मी म्हणालो, “याहून चांगली?” तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला. काचेच्या कपाटातून एक पेटी काढली. आत मखमलीवर वेटोळं घालून पहुडलेली वायर, अंगठ्याएवढी जाड, वरून विणलेलं आवरण, टोकांना सोनेरी मुलामा, आणि आवरणावर दर वीतभर अंतरावर एक बाण. “हे बाण?” मी विचारलं. “आवाज कुठल्या दिशेनं जातो त्याचे,” ती म्हणाली आणि आम्ही दोघंही क्षणभर गंभीर राहिलो. मग ती आधी हसली. “मी फक्त विकते हो. चुलीपुढे बसलं म्हणून सगळंच खावं असं नाही.” मीही हसलो, पण ती पेटी मला खाली ठेववेना. आयुष्यभर मी असल्या गोष्टींची टिंगल केली होती, आणि आता माझ्याच हाताला वाटत होतं की बाण खरे असावेत, असायला काय हरकत आहे, जगात आपल्याला न कळणारं पुष्कळ असतं. कारण ही वायर जर खरोखरच चांगली असेल, तर घरातली वाईट असू शकते.

त्या दिवशी काहीच घेतलं नाही. मग तीन आठवडे हाच उद्योग. दर दोन-तीन दिवसांनी मी दुकानात. जाडी, धाग्यांची संख्या, नुसतं तांबं की कल्हई केलेलं. दुकानातली बाई मला चहा पाजायला लागली. घरी आल्यावर मी बायकोला वायरीवर व्याख्यानं देऊ लागलो, ती टाके घालत ऐकायची, मान हलवायची, मधेच विचारायची, “मग त्या बाणांचं काय ठरलं?” तिला इतका रस कधी वाटला नव्हता माझ्या कामात. रोज संध्याकाळी आम्ही नदीकाठच्या रस्त्यानं तास-दीड तास चालतो, तेव्हाही वायरच. मी बोलायचो. मी बोलत असलो की एक बरं असतं, ऐकावं लागत नाही. कारण गेलं वर्षभर, हे लिहिताना लाज वाटते, मी ‘हं’वर भागवत होतो. समोरच्याच्या चेहऱ्यावरून अंदाज घ्यायचा आणि ‘हं’ म्हणायचं. होकाराचं वेगळं, नवलाचं वेगळं, वाईट वाटल्याचं वेगळं. चेहरा दिसत नसला तर मधलं, कुठंही खपणारं. जेवताना बायको वर्षापूर्वीच टेबलाशी माझ्या उजवीकडच्या खुर्चीवर बसायला लागली होती. तिकडे उजेड बरा पडतो, म्हणाली. मी म्हटलं होतं, हं.

या तीन आठवड्यांत मला एक म्हातारा फार आठवला. नोकरीतली मधली वर्षं. त्याची तक्रार अशी की मुलीचा आवाज हल्ली फार लांबून येतो. मुलगी परगावी. चार वेळा त्यानं तक्रार नोंदवली आणि चार वेळा मी गेलो. खांबापासून घरापर्यंतची तार तपासली, पेटी बघितली, फोनच बदलून दिला. चौथ्या वेळी त्याच्याच दिवाणखान्यात उभं राहून मी मुलीला फोन लावला, स्वतः ऐकला, आवाज कसा घंटेसारखा. आणि मी हसत, अगदी मोठ्यानं, त्याची म्हातारी आणि शेजारीपाजारी उभे असताना म्हणालो, “आजोबा, लाइन ठणठणीत आहे. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललंय तुमचं. कान दाखवा कान!” सगळे हसले. म्हातारा पण हसला. त्यानं फोन माझ्या हातातून घेतला, कानाला लावला आणि म्हणाला, “हो हो, आता अगदी स्पष्ट येतंय.” मी वहीत लिहिलं, लाइन ठीक. त्यानंतर त्याची तक्रार कधी आली नाही. ही गोष्ट मी किती मजेत सांगत असे, जेवणाच्या सुट्टीत, लग्नकार्यात, पाहुण्यांसमोर! बायकोला ती तोंडपाठ आहे. आता मला राहून राहून वाटायचं, त्यानंतर तो मुलीशी फोनवर काय बोलत असेल? तोही नुसतं हं म्हणत असेल. माणसाला स्वतःच्या घरात परका करून टाकायला मला एक वाक्य पुरलं होतं, आणि ते टाळ्या घेणारं वाक्य होतं.

शेवटी एका शनिवारी मी वायर आणली. मखमलीतली नव्हे, तेवढी अक्कल शिल्लक होती; दुकानातल्या बाईनं पहिल्याच दिवशी पुढे टाकलेली साधी, जाड, लाल रेघेची. ती म्हणाली, “आलात शेवटी ठिकाणावर,” आणि दोन तुकडे मोजून एकमेकांना लावून दाखवले, सारखे. दुपारी बायको कोट पोहोचवायला गेली होती. मी कपाट पुढे ओढलं, पाठीमागच्या फटीत हात घातला आणि आंधळ्यानं चाचपावं तशी जुनी वायर चाचपली. आम्हा जोडणाऱ्यांची एक सवय असते. खड्ड्यात उजेड नसतो, म्हणून वायरीच्या दोन्ही टोकांना मेण लावलेला दोरा बांधून ठेवायचा. डावीला एक गाठ, उजवीला दोन. डोळे मिटूनही कळतं. डाव्या स्पीकरच्या मागे माझ्या बोटांना एक गाठ लागायला हवी होती. दोन लागल्या. मी पुन्हा मोजल्या. दोनच. ॲम्प्लिफायरच्या मागे हात नेला. तिथंही डावीकडे दोन, उजवीकडे एक. वायरींची अदलाबदल झाली होती, दोन्ही टोकांना, पूर्ण आणि व्यवस्थित, लाल लालला आणि काळी काळीला. मी बांधल्या तेव्हा चुकणं शक्य नाही, अशा चुकीवर उस्तादानं पक्कड फेकून मारली असती. विजेरी आणून बघितलं. तारांची टोकं माझ्यासारखी पिळलेली नव्हती. बटणाखाली दोरा गुंडाळतात तशी स्क्रूभोवती घट्ट, एकसारखी गुंडाळली होती.

मी फरशीवरच बसलो. म्हणजे तिनं करून पाहिलं होतं. जे मला पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते तिनं, जिला वायरीतलं ओ की ठो कळत नाही असं मी चारचौघांत म्हणतो तिनं, गुपचूप करून पाहिलं होतं. वायरी इकडच्या तिकडे झाल्या, आणि मी मात्र तीन आठवडे डावीच बाजू रडतेय म्हणून सांगत राहिलो. तार निर्दोष. हे तिला माहीत होतं, आणि तरी ती टाके घालत घालत माझी व्याख्यानं ऐकत होती, बाणांची चौकशी करत होती. मला हसू आलं. मी हात लांब करून रेकॉर्ड लावली. आणि मग जिथं होतो तिथंच, फरशीवर, स्पीकरकडे पाठ केली. पाच सेकंदसुद्धा लागले नाहीत. बाई आली. आतल्या खोलीतून बाहेर आली आणि माझ्या उजव्या कानाशी उभी राहून गायला लागली, श्वास घेतलेलासुद्धा ऐकू येत होता. पुरुष कुठंतरी भिंतीपलीकडे. मी ती बाजू संपेपर्यंत तसाच बसून राहिलो. इतकी चांगली गाते ती, मी विसरलोच होतो.

बायको कधी आली ते कळलं नाही. कळणार कसं, दार माझ्या डावीकडे होतं. ती समोर येऊन उभी राहिली तेव्हा दिसली. ओढलेलं कपाट, माझ्या मांडीवरची नवी वायर, स्पीकरकडे पाठ, सगळं तिनं एका नजरेत पाहिलं. मग तीही फरशीवर बसली, गुडघ्याला हात देत.

“वायरी तू बदलल्यास?” मी विचारलं.

“हो.” तिनं माझ्याकडे न बघता वायरीचं वेटोळं उलगडायला घेतलं. “तुम्ही दुकानात जायला लागलात त्या पहिल्याच दिवशी. मला तर दोन्हीकडून सारखंच ऐकू येत होतं. पण म्हटलं, आपल्याला काय कळतं, यांचा कान तयार. म्हणून करून बघितलं. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना, आधी इकडची तिकडे.”

“मग मला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं.”

“कधी?”

“किती वेळा! कान दाखवा म्हणून वर्षभर सांगतेय.” तिनं मान वर केली. “डावीकडून.”

मला नीट कळलं नाही. म्हणजे ऐकू आलं, ती समोर होती, कळलं नाही.

“उजवीकडून सांगायला धीर होत नव्हता हो,” ती म्हणाली. “त्या म्हाताऱ्याची गोष्ट तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलीत. मला वाटायचं, मी सांगितलं की तुम्हीसुद्धा तसेच हसाल आणि म्हणाल, हो हो, स्पष्ट येतंय. ते मला बघवलं नसतं. पण पोटात ठेवून राहवतही नव्हतं. मग चालायला गेलो की मी तुमच्या डाव्या हाताला यायची आणि सांगून टाकायची. तुम्ही हं म्हणायचात. एकदा तर मी डॉक्टरांची वेळसुद्धा घेतली, तुम्ही हं म्हणालात म्हणून. मग मलाच वाटलं, ही फसवणूक झाली. फोन करून रद्द केली.”

मी हसलो. तीही हसली, डोळे पुसत. नंतर मला सुचलं ते विचारलं. “आणि दुसरं काय काय सांगितलंस डावीकडून?”

“असंच. सवयच लागली मग. उत्तर येणार नाही म्हटलं की माणसाला फार सुचतं. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा मला भीती वाटली होती, दिवसभर घरात काय कराल म्हणून, ते सांगितलं. माझा हात हल्ली कापतो, सुईत दोरा जात नाही, ते सांगितलं. न्हाणीघरात पाय घसरला होता मागे, मी हाका मारल्या. तेही सांगितलं.”

“हाका मारल्यास?”

“तीनदा. मग उठले आपली आपण. काही लागलं नव्हतं.”

मला आठवेना, तो कुठला दिवस होता. त्या वेळी मी काय करत होतो, कुठल्या खोलीत होतो. तिच्या हाका माझ्यापर्यंत आल्या होत्या, माझ्यावर आदळल्या होत्या आणि खाली पडल्या होत्या, आणि मी बहुतेक पेपर वाचत बसलो होतो. वर्षभरात माझ्या बायकोनं जे जे खरं सांगितलं ते सगळं माझ्या मेलेल्या कानात गेलं. शेजारी चालताना, भर रस्त्यात, माणसांच्या गर्दीत ती माझ्याशी बोलत होती आणि मी तिला तांब्याचे गुण समजावून देत होतो. मला त्या डाव्या कानाचा हेवा वाटला. त्याला सगळं माहीत होतं, आणि मला एक शब्द नाही. मी म्हटलं, “सोमवारी जाऊ डॉक्टरांकडे. आणि तू हात दाखव.” ती म्हणाली, बघू. मी म्हटलं, बघू नाही, जाऊ.

मग आम्ही वायर लावायला घेतली. मी टोकं सोलून द्यायचो आणि ती गुंडाळायची, तिची पद्धत माझ्याहून चांगली होती हे कबूल करायला हवं. हात कापतोय हे मला आता दिसत होतं, आणि मी स्क्रू आवळताना तिचा हात धरून ठेवला. ती सरकत सरकत कपाटाच्या मागे गेली, माझ्या डाव्या बाजूला, आणि तिथून मान खाली घालून काहीतरी बोलली. छोटंसं वाक्य. नुसती गुणगुण आली माझ्यापर्यंत. माझ्या घशात सवयीनं ते मधलं, कुठंही खपणारं ‘हं’ तयार झालं, जिभेवर आलं. मी ते गिळलं. गिळायला जड गेलं, म्हणजे खरोखरच मेहनत पडली, कपाळाला घाम आला.

“ऐकू आलं नाही,” मी म्हणालो. “मला त्या कानानं ऐकू येत नाही. परत सांग.”

कपाटामागे हालचाल थांबली. मग ती उठली, एक हात कपाटाला, एक हात माझ्या खांद्याला, माझ्या पाठीमागून वळसा घालून उजवीकडे आली आणि अगदी लागून बसली. तिनं आवाज चढवला नाही. नेहमीच्याच आवाजात, वायरीची लाल रेघ बोटानं चोळत, म्हणाली, “म्हटलं, वर्षभर मी या घरात एकटीच राहत होते.”

“ऐकलं,” मी म्हणालो.